आग्रहाचे निमंत्रण

“दिगू, ह्यातली पत्रिका तेवढी उघडून दे,” असं म्हणत रवळूआण्णांनी रुमालात गुंडाळलेला फोन माझ्या काउंटरवर ठेवला.

रुमाल सोडला तर फोन चांगलाच तापलेला. काचेला वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिरका तडा गेला होता, पण तो जुनाच. बाजाराचा दिवस होता, दोन गिऱ्हाइकं आधीच खोळंबली होती, तरी मी आण्णांचं काम पहिलं हातात घेतलं. आण्णा म्हणजे रवळू होडगे, चिंचेवाडीचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मी शाळेत असताना सकाळच्या गाडीला नेहमी उशीर करायचो आणि मी बांधावरून पळत येताना दिसलो की हा माणूस गाडी थांबवून धरायचा. कंडक्टर कुरकुरायचा, पण आण्णांनी मला कधी सोडून गाडी नेली नाही.

“कुणाची पत्रिका?” मी विचारलं.

“म्हादूच्या पोरीची,” आण्णा म्हणाले, आणि मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

म्हादूभाऊ हे आण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांची काजूची फॅक्टरी आहे आणि दोघा भावांत अकरा वर्षं बोलणं नाही, हे आजऱ्याच्या बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. कारण विचाराल तर एक फेटा. आण्णांच्या थोरल्याच्या लग्नात पाहुण्यांना फेटे बांधायला नावं पुकारली, तेव्हा यादी वाचणाऱ्याकडून नेमकं सख्ख्या चुलत्याचं नाव सुटलं. म्हादूभाऊ तसेच उठले, जेवणही न करता गेले. आण्णांनी वर्षभर आज जाऊ, उद्या जाऊ केलं. मग जायला तोंड उरलं नाही.

आता म्हादूभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सगळ्या तालुक्याला पत्रिका वाटून झाल्या होत्या, चिंचेवाडीत तर घरटी एक गेली होती. फक्त आण्णांचं दार सोडून.

“मंगळवारी मोबाईलवर आली,” आण्णा सांगत होते. “वर लिवलंय ते वाचाय येतंय, पण पत्रिका काय उघडंना. नुसतं परवानगी द्या, परवानगी द्या म्हणून मागं लागलं हुतं. म्हटलं लग्नाचं घर हाय, परवानगीला कशाला न्हाई म्हणा? चार-पाच डाव दिली.”

गिऱ्हाइकांतला एकजण फिसकन हसला. मी मेसेज उघडला. म्हादूभाऊ आणि आण्णा यांच्यामध्ये इतक्या वर्षांत तो एकच मेसेज होता. ‘आमच्या येथे श्रीकृपेने शुभविवाह योजिला आहे. प्रत्यक्ष भेटून निमंत्रण देता आले नाही, तरी हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. पत्रिका सोबत जोडली आहे.’ ना वधूवरांचं नाव, ना तारीख. खाली ती जोडलेली पत्रिका. खरी पत्रिका असती तर फोटो असता, नाहीतर पीडीएफ. हिच्या नावाच्या शेवटी एपीके होतं. म्हणजे पत्रिका नव्हे, फोनात बसणारं एक ॲप, आणि ते आण्णांच्या चार-पाच परवानग्या घेऊन आत ऐसपैस बसलं होतं. मेसेज वाचत होतं, नंबरांची यादी चाळत होतं आणि आण्णांच्या नावानं तीच पत्रिका त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना धाडत होतं.

“आण्णा, तुम्हाला कुणाचे फोन आले का?”

“आले की. भजनी मंडळातली सगळी विचाराय लागली, कुणाचं लगीन. म्हटलं, आमच्या म्हादूच्या पोरीचं. या सगळी.”

मी तोंड उघडलं होतं. आण्णा, ही पत्रिका नाही, चोरांनी सोडलेला व्हायरस आहे, एवढं वाक्य जिभेवर आलेलं होतं. तेवढ्यात माझी नजर मेसेजच्या वेळेवर गेली. मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

सोमवारी संध्याकाळी म्हादूभाऊंचा फोन माझ्याच दुकानातून परत गेला होता. फॅक्टरीतला माणूस घेऊन आला होता. फोन तापतोय, बॅटरी टिकत नाही, कुणाची तरी पत्रिका आल्यापासून असं झालंय, व्हायरस आहे का बघा, असा निरोप होता. मी तेव्हा दुसऱ्याच एका फोनचा डिस्प्ले बसवत होतो. एका हातानं काहीतरी सफाईचं ॲप फिरवलं, स्पिरिटनं काच पुसली आणि सांगितलं, एकदम क्लीन आहे. दुकानाच्या पाटीवर मी ‘सर्व प्रकारचे व्हायरस खात्रीने काढून मिळतील’ असं रंगवून घेतलेलं होतं. त्या ‘खात्रीने’चा मला फार अभिमान होता.

म्हणजे मी सोमवारी पाच मिनिटं नीट बघितलं असतं, तर मंगळवारी आण्णांना निमंत्रण आलंच नसतं.

“वाच की जरा मोठ्यानं,” आण्णा म्हणाले. मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. “प्रत्यक्ष भेटून देता आले नाही. म्हंजे भेटायचं त्येच्या मनात हुतं. आन् आग्रहाचं म्हणालाय बघ. नुसतं निमंत्रण न्हवं.” मग म्हणाले, “नंबर ठेवलाय की रं त्येनं माझा. काढला न्हाई.”

हे मात्र खरं होतं. व्हायरस नंबर शोधून काढत नाही, फोनात असतील तेवढ्यांनाच धाडतो.

मग मी काम केलं, आणि काम चोख केलं. आधी नेट बंद करून सिम काढलं, फोन सेफ मोडमध्ये चालू केला, त्या ॲपला दिलेल्या परवानग्या एकेक करून काढून घेतल्या, मग ते उडवलं. खाली उतरलेली फाईल काढली. पेन्शन जमा झालीय का विचारून घ्या, असं सांगून माझ्या फोनवरून आण्णांना बँकेत बोलायला लावलं. सुदैवानं पेन्शनला हात लागलेला नव्हता. शेवटी तो मेसेज राहिला. तो नुसता मेसेज होता, फाईल गेल्यावर त्यात काही धोका नव्हता. पण त्याच्यावर मंगळवार सकाळ लिहिलेली होती. मी तोही काढून टाकला.

“आण्णा, फाईल खराब झाली होती,” मी सांगितलं. “उघडणार नव्हतीच. म्हणून काढली.”

“असू दे. पत्रिका काय, कुणाची बी बघता येतीया. पण निमंत्रण आलं हुतं न्हवं?”

“हो.”

“तू वाचलंस.”

“वाचलं की.”

“झालं तर मग. तू साक्षीला हाईस,” असं म्हणून आण्णा उठले. पायरी उतरताना मागं वळून म्हणाले की आता गडहिंग्लजला जाऊन फेटा आणतो, चांगला गुलाबी, आणि मांडवाच्या दारातच म्हादूच्या डोक्याला बांधतो. एवढा खुशीत असलेला माणूस मी त्या आठवड्यात दुसरा बघितला नाही. त्याला हाक मारून परत बोलवायला मला एक क्षण पुरला असता. मी पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन हातात घेतला.

पुढचे आठ-दहा दिवस मी स्वतःची समजूत काढत होतो. लग्नाला अजून वेळ आहे, सवडीनं वाडीला जाऊन सांगू. मग वाटायचं, कदाचित म्हादूभाऊ खरंच बोलावतील, लग्नात माणूस विरघळतो. इकडं म्हादूभाऊंच्या फोनातून गेलेल्या पत्रिकेचा बोभाटा झाला. त्यांनी गडहिंग्लजला जाऊन फोन साफ करून आणला आणि स्टेटसला टाकलं की माझ्या नावानं आलेली फाईल कुणी उघडू नये. मला येऊन काही बोलले नाहीत. फोन माझ्याकडून गेल्यानंतर व्हायरस शिरला असेल, असंच त्यांनी धरलं होतं, आणि मी त्यांना तसं धरू दिलं. आण्णांना स्टेटस बघता येत नव्हतं, आणि त्यांची खुशी बघून वाडीत कुणी ते सांगितलंही नसावं.

लग्न दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताचं होतं. मला पत्रिका हातात मिळालेली, तेव्हा मी वेळेवर कार्यालयात हजर, दाराशीच सरबताच्या टेबलाजवळ उभा. अकराच्या सुमाराला एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून आधी आण्णा उतरले. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, काखेत फेट्याचं पुडकं. मागून सरूकाकू, इरकल नेसलेल्या. आणि त्यांच्या मागून भजनी मंडळाचे बारा-तेराजण, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत.

म्हादूभाऊ दारातच पाहुण्यांना नमस्कार करत होते. त्यांनी आण्णांना बघितलं आणि त्यांचे जोडलेले हात खाली आले.

“कुणी बोलवलं तुमास्नी?”

आवाज हळूच होता. आण्णांना ती थट्टा वाटली असावी. ते हसले. “तूच की.”

“मी?”

“मेसेज केलास न्हवं? हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं म्हणून.”

म्हादूभाऊंच्या ध्यानात आलं. तिथंच जरा थांबले असते, भावाला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर वेगळं झालं असतं. पण आठ दिवस लोकांची बोलणी खाऊन ते वैतागलेले होते आणि भोवती माणसं जमली होती.

“ती पत्रिका न्हवती आण्णा,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “व्हायरस हुता. माझ्या फोनातनं सगळ्या गावाला गेलाय.”

“म्हंजे आण्णास्नी व्हायरसनं बोलवलं व्हय?” मागून कुणीतरी बोललं आणि दारातले सगळे हसले. भजनी मंडळातलेही दोघं हसले. सरूकाकू पदर सावरत एक पाऊल मागे सरकल्या.

आण्णांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि अंगठ्यानं शोधू लागले. “न्हाई, न्हाई, हितंच हुती,” असं पुटपुटत होते. म्हादूभाऊंच्या नावावर बोट ठेवलं की कोरी जागा उघडायची. ते बंद करायचे, पुन्हा उघडायचे. मग त्यांनी वर बघितलं आणि मी त्यांना दिसलो. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पळत येणारा मी त्यांना गाडीच्या काचेतून दिसायचो, तेव्हा असाच व्हायचा.

“दिगूनं बघितलीया. फोन त्येच्याकडंच दिला हुता मी. दिगू, सांग की रं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हादूभाऊंनीही मान वळवली.

“तुला ठावं हुतं, दिगू? माझ्या फोनातनं जातंय, हे तू बघितलंतंस?”

माझ्या हातात सरबताचा कागदी ग्लास होता. मला काय वाटलं ते खरं सांगतो. आण्णांचं काय होईल, हे मनात आलंच नाही. सोमवारचा ‘एकदम क्लीन’ आठवला, पाटी आठवली, आणि या दारात उभी असलेली निम्मी माणसं आपली गिऱ्हाइकं आहेत एवढं दिसलं.

“न्हाई भाऊ,” मी म्हणालो. “आण्णांचा फोन आला हुता माझ्याकडं. पण मी फक्त काच बदलून दिली.”

आण्णांनी फोनकडे बघितलं. काचेवरचा तो तडा जसाच्या तसा होता. त्यांनी त्याच्यावरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पळत येणारा पोरगा गाडीपर्यंत पोचलाच नाही, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

म्हादूभाऊ दोन हातांच्या अंतरावर उभे होते. फोन एकदा वर धरला असता तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. आण्णांनी काचेवर तळवा ठेवला, तडा झाकला आणि फोन खिशात घातला.

“व्हय,” ते म्हणाले. “काचच बदलली हुती. माझाच घोळ झाला म्हादू.”

म्हादूभाऊ चार लोकांदेखत म्हणाले, की आलायसा तर जेवून जावा. आण्णांनी मान हलवली, पोरीला आशीर्वाद सांग म्हणाले आणि वळले. फेट्याचं पुडकं काखेतच होतं. सगळे पुन्हा टेम्पोत चढले, आणि कार्यालयाच्या अरुंद फाटकातून तो मागे घेताना ड्रायव्हरला जमेना, तेव्हा आण्णाच खाली उतरून त्याला हातानं दिशा दाखवत होते. मी ग्लास टेबलावर ठेवला. त्यातलं सरबत तसंच होतं.

याहून वाईट मी त्या दिवशी दुपारी वागलो. जेवणं उरकल्यावर म्हादूभाऊंनी मला बाजूला बोलावलं, फोन हातात दिला आणि म्हणाले, पुन्हा असं व्हायला नको, काय करायचं ते करून टाक. मी सगळं केलं. बाहेरची ॲपं बसणार नाहीत अशी सोय केली, पिन घातला, कुठली फाईल उघडायची आणि कुठली नाही ते समजावलं. मग त्यांनी विचारलं, “आण्णांच्या फोनात ते अजून असंल तर? परत येईल का त्येच्याकडनं?”

आण्णांचा फोन मी स्वतः धुऊन पुसून दिला होता. त्या फोनाइतका स्वच्छ फोन तालुक्यात नव्हता. पण ते सांगायचं, तर काच बदलल्याचं सांगून बसलो होतो.

“सांगता येत न्हाई,” मी म्हणालो. “ब्लॉक करून टाकू.”

आणि अकरा वर्षं म्हादूभाऊंनी जपलेला तो नंबर मी माझ्या हातानं बंद केला.

नंतर आण्णा दुकानाची पायरी चढले नाहीत. रस्त्यात भेटले की मात्र थांबायचे, बरं हाय न्हवं दिगू, म्हणायचे. मी हो म्हणायचो. सांगायचं राहूनच गेलं, असं मी म्हणणार नाही. सांगायचं टाळलं. तीन वर्षं टाळलं. परवाच्या मार्गशीर्षात आण्णा गेले, बसल्या जागी. म्हादूभाऊ आले होते. तिथं यायला कुणी निमंत्रण द्यायचं नसतं. सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले.

महिन्याभरानं सरूकाकू दुकानात आल्या. रुमाल तोच होता. म्हणाल्या, ह्यांच्या फोनातले नातवाचे फोटो मुलाच्या फोनात घालून दे, आणि हा फोन मला वापरायला चांगला करून दे. मी फोटो शोधत होतो. शोधता शोधता म्हादूभाऊंचं नाव दिसलं आणि बोट तिथं गेलंच. जी जागा मी कोरी केली होती तिथं एक मेसेज होता. अडीच वर्षांपूर्वीचा, आण्णांनी एकेक अक्षर शोधून लिहिलेला.

‘म्हादू, नातवाचं बारसं रविवारी हाय. प्रत्यक्ष यायचं धाडस न्हाई. हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. पत्रिका जोडली न्हाई, भिऊ नको.’

पुढं एकच करडी खूण होती. म्हणजे गेलाय, पण पोचलेला नाही.

मी फोन उलटा करून काउंटरवर ठेवला. काकूंना काय दिसलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, “काच तेवढी बदल बाबा, बोटाला लागतीया. कितींदा म्हटलं ह्यांस्नी, बदलून घ्या. तर म्हणायचे, दिगूनं बदललीया की.”

काच बदलायला मला पाऊण तास लागतो. मी ती बदलली नाही. काकूंना म्हटलं, फोन उद्या वाडीत आणून देतो. त्यांना रिक्षात बसवलं, शटर ओढलं आणि म्हादूभाऊंच्या फॅक्टरीकडे गाडी काढली. सोमवार, मंगळवार, मेसेज, ब्लॉक, कुठलं आधी आणि कुठलं नंतर सांगायचं, ते वाटभर जुळवत होतो आणि काही केल्या जुळत नव्हतं. फाटकाशी पोचलो तेव्हा एवढंच ठरलं होतं, की सुरुवात काचेपासून करायची.